अख्खा ॲक्सल

“हे घ्या भागवतदादा, बाबांची पाठ!” असं म्हणत शर्वरीताईंनी गाडीतून लाकडी खोकं ओढलं आणि माझ्या गॅरेजच्या दारात धप्पकन टेकवलं.

मी तेव्हा पिकअपखाली होतो. सरकत बाहेर आलो, हात पुसले आणि खोक्यात डोकावलो. आत चाकं धरून ठेवणारे चार जाडजूड लोखंडी आर्म, लाल रंग दिलेले, आणि हातभर लांबीचे दोन शॉकअप. सगळं नवं कोरं.

“हे कुणाच्या गाडीला?”

“तुमच्या. रामनवमीला बाबांना उंबरमाळला तुम्हीच नेणार ना?”

“नेणार तर. पण ताई, मी दुसरंच ठरवलंय.” मी गॅरेजमागच्या करंजाकडं बोट केलं. करंजाखाली लष्करातल्या जुन्या ट्रकचा पुढचा अख्खा ॲक्सल पडला होता. लिलावात घेतलेला. त्याच्या पोटाखाली आमची तांबडी कोंबडी पिल्लं घेऊन बसली होती.

ताईंनी एकदा ॲक्सलकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. “ही कोंबडीची माडी? हिच्यावर बाबांना बसवणार? अहो, उंबरमाळ येईस्तोवर त्यांचे मणके सुटे होऊन खिशात जमा होतील.”

“आणि तुमच्या लाल आर्मांवर बसवलं तर वाटेतल्या नळीच्या दगडांतच बसून राहतील. रामजन्म तिथंच करावा लागेल.”

“भांडा, भांडा,” गाडीच्या खिडकीतून आवाज आला. “मी ऐकतोय. पाठ माझी आहे म्हणून विचारलं पाहिजे असं काही नाही.”

निगुडकरबुवा पुढच्या सीटवर बसले होते. कमरेला पट्टा, मांडीवर उपरणं, चेहऱ्यावर ते मिस्कील हसू. मी धावत जाऊन खिडकीतूनच पायाशी हात नेला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण ती तिघांची भांडाभांडी अजून कानात आहे.

घाटाच्या पायथ्याला जिथं डांबर संपतं तिथं माझं गॅरेज. जवळ एक फोर बाय फोर पिकअप. वरच्या माळावरच्या वाड्यांना सिलिंडर, धान्य, पत्रे पोचवायचे, कुणी आजारी पडलं तर खाली आणायचं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बायको तापानं गेली, तेव्हापासून मी एकटाच. पण मला एक वेड होतं, कीर्तनाचं. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, मी झांज घेऊन हजर. लोक म्हणायचे, भागवत मोठा भाविक. भाविक आहेच मी. पण खरं सांगायचं तर ज्याला घरी परत जाऊन आपणच कुलूप काढायचं असतं ना, त्या माणसाला कीर्तन संपूच नये असं वाटतं.

त्यात निगुडकरबुवांचं कीर्तन म्हणजे काय सांगू. अंगावर पांढरी बाराबंदी, हातात चिपळ्या, आणि आवाज असा की शेवटच्या माणसाला वाटावं, बुवा आपल्याशीच बोलतायत. पूर्वरंगात हसवायचे, मध्ये बुक्का लावून व्हायचा, आणि उत्तररंगात कधी डोळ्यांतून पाणी आलं ते कळायचं नाही.

उंबरमाळच्या राममंदिरात रामजन्माचं कीर्तन बुवांच्या आजोबांनी सुरू केलं. तेव्हापासून खंड नाही. गावात मात्र खंड पडला. आधी पोरं मुंबई-पनवेलला गेली, मग त्यांनी आईबापांना नेलं. शेवटी उंबरमाळला एक माणूस उरलं, चंद्राकाकू. देवळाशेजारी राहायची, सकाळ-संध्याकाळ दिवा लावायची. कीर्तनाला किमान एक श्रोता लागतो. तो एक श्रोता म्हणजे काकू.

आणि नेमकी मागच्या पावसाळ्यात नळीतली दरड सुटली. नळी म्हणजे वाटेतली अरुंद खाच. तिथं आता बैलाएवढाल्या दगडांची पायरीच तयार झाली होती. दिवाळीत काकूचं धान्य घेऊन जाताना माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा जॉइंट तिथंच तुटला. आधीच्या वर्षी बुवा तेवढा तुकडा चालून चढले असते. पण या वर्षी त्यांचे मणके सरकले होते. दहा पावलं चालले की भिंत धरायचे.

“डोली करू या,” मी एकदा सुचवलं होतं.

“डोलीला चार माणसं लागतात, भागवता,” बुवा म्हणाले होते. “चार माणसं ज्या कामाला लागतात, त्याची मला घाई नाही.”

तर त्या दिवशी बुवांनी खिडकीतूनच विचारलं, “हे सुटं आणि अख्खं काय प्रकरण आहे, मला समजावून तर सांग. ज्यावर बसायचं ते ठाऊक नको?”

मी म्हटलं, “बुवा, आत्ता माझ्या गाडीची पुढची चाकं सुटी आहेत. दोन हातांत दोन बादल्या धराव्यात तशी. एक हात वर गेला तरी दुसऱ्याला पत्ता नाही. त्यामुळं बसणाऱ्याला धक्का कमी.”

“आणि अख्खा ॲक्सल?”

“ती कावड. एका टोकाला एक घागर, दुसऱ्या टोकाला दुसरी. एक वर गेली की दुसरी खाली जाणारच. धक्का बसला की दोन्हींकडं जातो.”

“हे अर्धंच सांगितलं तुम्ही,” ताई म्हणाल्या. त्या पुण्याला असायच्या, चिखल-दगडातल्या गाड्यांच्या शर्यतींत स्वतः गाडी चालवायच्या. लहानपणी बुवांनी त्यांना पेटी शिकवली, कीर्तन शिकवलं. कॉलेजात गेल्यावर त्यांनी ते सोडलं. त्यावर बापलेकीत पुष्कळ झालं होतं म्हणे. मला त्यांचं गाडीतलं ज्ञान ठाऊक होतं, म्हणून मी ऐकून घेतलं. “सुटं सस्पेन्शन वाईट नसतं. कंपनीचे आर्म बारीक असतात म्हणून तुटतात. हे लांब आहेत, मजबूत आहेत. चाक जास्त खाली-वर जाईल, आणि बाबांच्या पाठीला कळणारही नाही. दादा, नळी अर्ध्या फर्लांगाची. बाकीची वाट दोन तासांची. त्या अर्ध्या फर्लांगासाठी दोन तास त्यांना कुटून काढायचं?”

त्यात खोटं काहीच नव्हतं.

“आधी पोरीचं ऐक,” बुवा म्हणाले. “बापाची पाठ खोक्यात घालून आणलीय तिनं. परत कशी पाठवायची?”

ताईंचे आर्म बसवले. त्यांनी बाह्या सरसावल्या, माझ्याबरोबर गाडीखाली झोपल्या, कोपरापर्यंत काळ्या झाल्या. मग बुवांच्या जागी वाळूची दोन पोती बांधली आणि सीटपुढं पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी ठेवली.

“कळशी हिंदकळली तर मी हरले,” ताई म्हणाल्या.

काय सांगू, नळीपर्यंत थेंब सांडला नाही. गाडी लोण्यातून चालल्यासारखी. मनात म्हटलं, हरलास रे भागवता. आणि हरल्याचं बरंच वाटलं.

मग नळी आली. ताई उतरून पुढं झाल्या आणि उलट्या चालत हातानं दाखवू लागल्या, “डावं घ्या... अजून... येऊ द्या, येऊ द्या.” उजवं चाक दगडावर चढलं. डावं तेवढंच खाली उतरायला हवं होतं. उतरलं, पण पुरतं नाही. वीतभर अधांतरी राहिलं आणि हवेत भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. फिरता फिरता ते खालच्या दगडाला टेकलं, गाडीनं हिसका दिला आणि ‘कटकन’ आवाज आला. आर्म शाबूत होते. जॉइंट गेला होता.

ताई दगडावर बसल्या. कळशीत मात्र अजून पाणी होतं. त्यांनी ती उचलली, तोंडाला लावली, घटाघटा प्यायल्या आणि म्हणाल्या, “दादा, त्या कोंबडीला दुसरं घर बघा.”

मग आम्ही अख्खा ॲक्सल घातला. जुन्या पकडी कापल्या, पाट्यांच्या कमानींना नव्या बैठका जोडल्या. वेल्डिंग माझं, मापं ताईंची. कमानीतले दोन-दोन पाटे त्यांनी काढून टाकायला लावले, थोडी तरी मऊ होऊ दे म्हणून. शॉकअप त्यांचेच बसवले. “टायरमधली हवाही निम्मी करायची,” त्या म्हणाल्या. “हवा कमी असली की दगड मऊ लागतो.” सीटवर कापसाची गादी, गादीवर गोधडी. लाल आर्म पुन्हा खोक्यात गेले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कोंबडी त्या खोक्यात.

रामनवमीला उजाडताच निघालो. बुवा पुढं माझ्या शेजारी, ताई मागं पेटी मांडीवर घेऊन. पहिल्या खडकावर गाडी चढली आणि मला कळलं, कमानी कितीही मऊ केल्या तरी लोखंड ते लोखंड. डाव्या चाकाला दगड लागला की धक्का उजव्या बाजूच्या माझ्या दाढेपर्यंत यायचा. बुवांकडं बघायची हिंमत होईना.

तेवढ्यात बुवा गाऊ लागले. मोकळ्या आवाजात. एक पद संपलं की दुसरं. धक्का बसला की तान लांबायची.

माझा जीव भांड्यात पडला. मागं वळून म्हटलं, “ताई, बुवा खुशीत आहेत!”

ताईंनी पेटीवर डोकं टेकलं होतं. तसंच ठेवून त्या म्हणाल्या, “दादा, बाबांना दुखलं की ते गातात. आई गेली तेव्हा तेरा दिवस गात होते.”

मी पुन्हा पुढं बघितलं. नुसती गाडी हाकली.

नळीत ताई पुन्हा उतरल्या. “डावं... सरळ... आता सोडू नका.” उजवं चाक दगडावर चढलं आणि त्यानं डाव्याला खाली दाबलं. कावडीसारखंच. दोन्ही चाकांनी दगड धरला. गाडी कण्हली, तिरकी झाली आणि चढली. मी ओरडलोच, “रामा रे!” बुवा गायचे थांबले नाहीत.

चंद्राकाकू देवळासमोर उभी होती. हातात पाण्याचा तांब्या, भाकरतुकडा. “आलासा व्हय बुवा! म्हटलं, औंदा रामाला मलाच बाहीर काढावं लागतंय का काय.”

“सुईण तूच, काकू. आम्ही नुसते वाजंत्री.”

“आन् ही कोण? शरू? गं बाई! बारक्या फराकात पेटी वाजवायचीस बग.”

अंगण सारवलेलं, दाराला आंब्याचं तोरण, पाळण्यात नवी कुंची. आणि देवळात भिंतीपासून भिंतीपर्यंत सतरंज्या. काकू दर वर्षी साऱ्या गावाच्या सतरंज्या घालायची. त्यावर बसणार कोण, तर ती एकटी, पुढं डाव्या हाताला. मी तिच्या मागं, झांज घेऊन.

बुवांना गाडीतून उतरवलं आणि ते उभे राहिनात. दोघांनी धरलं तरी गुडघे लटपटत होते. घामानं बाराबंदी अंगाला चिकटली होती. खांबाला टेकवून बसवलं. बाहेर तोरणाची सावली उंबऱ्याकडं सरकत होती. जन्म बाराला.

“बसूनच करा की बुवा,” काकू म्हणाली. “रामाला काय कळतंय!”

“बसून केलं तर ते प्रवचन झालं काकू. कीर्तन उभ्यानं करायचं. नारदांनी कधी बसून केलं नाही.”

मी ताईंकडं पाहिलं. त्या पेटीचा भाता मागंपुढं करत होत्या, मान खाली. धक्क्यांनी एक सूर अडकला होता, तो मधूनच पीं करायचा.

“तिच्याकडं बघू नकोस,” बुवा हळू म्हणाले. “मी काही मागायला आणलं नाही तिला. भागवता, गाडी रुतल्यावर ओढायचा तो पट्टा आहे ना तुझ्याकडं?”

“आहे. का?”

“आण.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण ताई उठल्या होत्या. जाऊन त्यांनीच पट्टा आणला, चार बोटं रुंद, पिवळा. गोधडीची घडी करून बुवांच्या पाठीशी धरली. आम्ही त्यांना उचलून खांबाला टेकवलं आणि काखेखालून, कमरेवरून पट्ट्याचे वेढे दिले.

“आवळ,” बुवा म्हणाले.

“लागेल, बुवा.”

“आवळ रे. पण हात मोकळे ठेव. चिपळ्या वाजवायच्यात.”

ताईंनी वरून उपरणं असं पांघरलं की पट्टा दिसेना. काकू डोळे बारीक करून बघत होती. काय दिसलं, किती दिसलं, तेव्हा कळलं नाही. तिनं पुढं होऊन बुवांच्या गळ्यात चाफ्याची माळ घातली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

आणि कीर्तन सुरू झालं.

मी आयुष्यात किती कीर्तनं ऐकली असतील, पण तसं नाही. आवाजाला खांबाचा आधार मिळाला होता की काय कोण जाणे, देऊळ भरून गेलं. पूर्वरंगात बुवा माझ्याकडं बघून मिस्कील हसले आणि म्हणाले, “परवा मला एक पांचाळ भेटला. म्हणाला, बुवा, गाड्या दोन जातीच्या. एकीची चाकं सुटी. ज्याचा खड्डा त्याचा. ह्याच्या पायात काटा गेला तरी त्याला झोप लागते. बसणाऱ्याला काय, मखमल! पण चढाला लागली की एक चाक वर आणि दुसरं अधांतरी. जमीनच सापडत नाही बिचाऱ्याला. दुसरी गाडी अख्ख्या ॲक्सलची. ह्याला दगड लागला की त्याच्या कण्यात कळ. सुख म्हणून नाही! पण एक वर चढलं की तेच दुसऱ्याला जमिनीवर टेकवतं. काय काकू, कळलं का?”

“न्हाई बुवा,” काकू म्हणाली. “पर ग्वाड लागतंय.”

बुवा इतके हसले की पट्टा करकरला.

मग आख्यान. कौसल्येचे डोहाळे, अयोध्येतले रस्ते, दारादारांतली तोरणं. त्या ओसाड माळावर बुवांनी अख्खी नगरी उभी केली. बाहेर सूर्य माथ्यावर आला, तोरणाची सावली उंबऱ्यात विरली. बुवांनी दोन्ही हात वर केले, चिपळ्या थांबल्या. क्षणभर काहीच नाही. मग जन्म झाला. मी गुलाल उधळला, काकूनं पाळण्याची दोरी ओढली. तिनं पाळणा म्हणायला सुरुवात केली, पण दुसऱ्या कडव्याला तिचा दम संपला. आणि पेटीवरून ताईंचा आवाज उठला. त्यांनी शेवटपर्यंत म्हटला. तो अडकलेला सूर मधून मधून पीं करत होता, तरी. बुवांनी डोळे मिटून घेतले होते. खांबाशी बांधलेले, गुलालानं माखलेले.

आरती झाली तशी पट्टा सोडला. बुवांना सतरंजीवर निजवलं. ताईंनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

सुंठवड्याचं ताट आणायला मी काकूच्या घरात गेलो. ती चुलीपुढं बसून ताटासाठी हातानं जमीन चाचपत होती. ताट तिच्या गुडघ्याशीच होतं.

“काकू, दिसत नाही तुला?”

“हळू बोल.” तिनं माझं मनगट धरलं. “भागवता, एक सांगते, बुवास्नी सांगू नगंस. मी पनवेलला निघाले. हनुमानजयंती झाली की पुतन्या येतोय न्यायला.”

“अगं, पण...”

“त्यो लई दिवस मागं लागलाय. मीच जात न्हवते. खाली समदी डीजे लावत्यात, बुवांच्या कीर्तनाला गाव ऱ्हायलंय कुठं? हितं मी हाय म्हणून ते म्हातारं उभं ऱ्हातंय. मी उठले तर त्येंचं कीर्तन सुटंल, म्हणून ऱ्हायले. चूल दिसंना तरी ऱ्हायले.” तिनं पदरानं डोळे पुसले. “पर आज त्यास्नी खांबाला बांधल्यालं बघितलं. एवढं दिसतंय मला अजून. आता पुरे. त्यास्नी फकस्त कळू देऊ नगंस. वाटू दे त्यांना, मी हाय हितं.”

मी ताट उचललं. सुंठवडा हातावर घेतला, तो खाता आला नाही.

उतरताना नळीपाशी ताई नेहमीप्रमाणं खाली उतरून पुढं गेल्या. गाडीत आम्ही दोघंच. बुवा गात नव्हते. गादीवर मान टेकून म्हणाले, “भागवता, आज शेवटचं बरं का. आता पाय नारदाच्या गादीवर टिकायचे नाहीत.”

“असं का बोलता, बुवा?”

“खरं म्हणजे दोन वर्षांमागंच थांबायचं होतं. डॉक्टरांनी, शरूनं, सगळ्यांनी सांगितलं. पण ती बाई एकटी त्या माळावर सतरंज्या घालून बसते रे. मी गेलो नाही तर ती कुणासाठी सारवील, कुणासाठी दिवा लावील? तिला आधार म्हणून येत राहिलो.” थोडं थांबून म्हणाले, “तिला मात्र सांगू नकोस. बुवा पुढच्या वर्षी येणार म्हणून सांग. तेवढ्यावर वर्ष काढील ती.”

समोर ताई हात हलवत होत्या, “येऊ द्या, दादा, येऊ द्या.”

मी ब्रेक थोडा सोडला. चाक दगडावरून खाली आलं आणि दुसरं वर गेलं. माझ्या दोन्ही बाजूंचं मला ठाऊक होतं आणि मला कुणालाच सांगायचं नव्हतं. “सांगतो, बुवा,” एवढंच म्हणालो.

काकू गेली. पुतण्या पायथ्याशीच थांबला, मीच तिला त्याच गाडीतून खाली आणलं, गाठोडं आणि देव्हाऱ्यातला एक छोटा राम घेऊन. मंदिराच्या दाराला तारेचा पीळ घातला.

त्यानंतर महिन्यातून एकदा तरी मी बुवांकडं जायचो. ते अंथरुणाला खिळले होते. ताई पुण्याचं सोडून त्यांच्यापाशी येऊन राहिल्या होत्या. संध्याकाळी पेटी काढायच्या. मी गेलो की बुवांचा पहिला प्रश्न, “काकू कशी आहे?”

“बरी आहे. दिवा लावते.”

“वाट बघतेय ना?”

“बघतेय तर. म्हणते, सुंठ आत्ताच कुटून ठेवली.”

बुवा हसायचे. ताई पेटीवर बोटं ठेवून माझ्याकडं बघायच्या आणि पुन्हा वाजवायला लागायच्या.

आणि पनवेलहून पुतण्याच्या फोनवर काकू. “बुवांचं कसं चाललंय रं?”

“झकास. परवाच कीर्तन झालं त्यांचं.”

“हुबं ऱ्हाऊन?”

“उभं राहून. दोन तास.”

“बग! मला ठावं होतं,” काकू म्हणायची. तिच्या मागं पनवेलच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे.

फोन ठेवला की मी गॅरेजच्या पायरीवर बसायचो. तांबडी कोंबडी खोक्यातून मान वर करून बघायची. तिला सांगता आलं असतं. तिला काय, ती कुठं जाऊन बोलली असती!

पौषात बुवा गेले. झोपेतच. आदल्या दिवशी त्यांनी ताईंना म्हटलं होतं, “भागवताला सांग, गाडीला तेल-पाणी कर. नवमी आली.” महिन्याभरानं पुतण्याचा फोन आला, काकूही गेली. तिला मी बुवांचं सांगितलंच नव्हतं. शेवटपर्यंत तिचे बुवा उभेच होते.

रामनवमी आली. मी पहाटे उठलो, गाडी धुतली, टायरमधली निम्मी हवा काढली. नंतर लक्षात आलं, आपण हे का करतोय? पण सुरू केलं होतं ते केलं. ताईंना विचारावं असं मनात आलं. त्यांच्या दारावरून गेलो तेव्हा आतून चिपळ्या ऐकू येत होत्या आणि खिडकीतून दिसलं, त्या उभ्या राहून काही म्हणत होत्या, एकट्याच. मी हाक मारली नाही. चालू कीर्तनात उठून बोलायचं नसतं.

वर गेलो. तारेचा पीळ काढला. केर काढला. सतरंज्या कोपऱ्यात गुंडाळलेल्या होत्या, त्या भिंतीपासून भिंतीपर्यंत घातल्या. खांबाच्या तेलरंगावर पट्ट्याचा वळ होता, छातीच्या उंचीला. मी काकूची जागा सोडून तिच्या मागं माझ्या जागी बसलो, झांज मांडीवर घेऊन. सावली उंबऱ्यात विरेपर्यंत बसलो. मग उठून पाळण्याची दोरी ओढली. कडी कुरकुरली. पाळणा मला पाठ नव्हता. तो बायकांनी म्हणायचा असतो.

दार लावलं, गाडीत बसलो. शेजारच्या सीटवर गोधडी तशीच होती.

उतारावर गाडी आदळायला लागली. डाव्या चाकाचा दगड उजव्या बाजूला, उजव्याचा डाव्या बाजूला. मी स्टिअरिंग घट्ट धरलं, पुढं बघितलं. नळी आली. पुढं उभं राहून हात दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून मी गाडी थांबवली आणि दगड कसा घ्यावा याचा अंदाज घेऊ लागलो.

तेव्हा लक्षात आलं, मघापासून मी मोठमोठ्यानं गात होतो.